नूरानी कायदा आणि कॅमेऱ्याची पुस्तिका

गेल्या हिवाळ्यात कुरकुंभला आपांच्या घरी गेलो होतो. एरवी फाटकाचा आवाज आला की भाची सलाम करत बाहेर येते. त्या दिवशी आली नाही. आतल्या खोलीत मांडीवर कॅमेरा घेऊन ती गप्प बसली होती. डोळे सुजलेले होते.

आदल्या रविवारी दौंडच्या एका मंगल कार्यालयात तिने निकाहचे फोटो काढले होते. बायकांच्या बाजूचे फोटो बाईनेच काढावेत अशी त्या घरची इच्छा होती, आणि ओळखीतून हिचे नाव पुढे आले. पैसे घेऊन केलेले हे तिचे पहिलेच काम. वकील आणि दोन गवाह दुल्हनची इजाजत घ्यायला आले, तेव्हा सगळीकडे शांतता होती. त्या शांततेत कॅमेऱ्याची खटखट नको, म्हणून तिने आवाज न करणारे शटर लावले. एका व्हिडिओत तसे सांगितले होते. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर प्रत्येक फोटोवर काळपट आडवे पट्टे. दुल्हन सही करते आहे आणि एक पट्टा नेमका तिच्या डोळ्यांवरून गेलेला.

"मामू, मी मनाने काही केलं नाही. व्हिडिओत असंच सांगितलं होतं."

मी तो व्हिडिओ पाहिला. सांगणारा माणूस खोटे बोलत नव्हता. तो परदेशातला लग्नाचा फोटोग्राफर होता. त्याचे लग्न चर्चमध्ये होते, उंच खिडक्यांतून दिवसाचा उजेड येत होता, आणि त्या उजेडात त्याचा सल्ला अगदी बरोबर होता. आमच्या भाचीच्या हॉलला खिडकी नव्हती. वर एलईडी दिवे आणि स्टेजवर सजावटीच्या माळा. फरक एवढाच, पण सहीचा फोटो त्या फरकात गेला.

हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे करते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. आवाज न करणारे शटर मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत सगळे चित्र एकाच क्षणी घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जाते. दिवा मंद असताना ज्या ओळी वाचल्या गेल्या त्या काळपट येतात. म्हणजे कॅमेरा बिघडलेला नव्हता. या दिव्यांखाली तो तसाच वागणार होता.

ही गोष्ट तिच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत, त्याच शटरच्या पानावर, खाली छोट्या अक्षरांत लिहिलेली होती. पण पुस्तिका तिने कधी पाहिलीच नव्हती. कॅमेरा जुना घेतलेला, खोक्याशिवाय आलेला. बहुतेक कॅमेरा कंपन्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण पुस्तिका फुकट मिळते हे तिला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही ती तिच्या फोनवर उतरवून घेतली आणि ते पान काढले. दोन-तीन ओळी वाचून ती म्हणाली, "एवढंच होतं?"

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल की मुलांनी व्हिडिओ बघणे बंद करावे. मी तसे म्हणणार नाही. कुरकुंभला एमआयडीसी आहे, कारखाने आहेत, समोरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. पण मुलीला घरून जाऊन-येऊन शिकता येईल असा फोटोग्राफीचा वर्ग आसपास नव्हता. अब्बा शिफ्टमध्ये कामाला, रोज पुण्याला नेणार कोण? कॅमेरा कसा धरावा, कोपर अंगाला कसे टेकवावे, बुजलेल्या नवरीशी काय बोलावे, स्टेजच्या कोणत्या बाजूला उभे राहावे, हे सगळे तिला व्हिडिओंनीच शिकवले. न समजलेला भाग दहा वेळा मागे घेऊन पाहिला तरी समोरचा माणूस कंटाळत नाही. हिंदी-मराठीतही आता पुष्कळ व्हिडिओ आहेत.

उलट पुस्तिका रुक्ष असते. शेकडो पाने, भाषा बहुधा इंग्रजी. कोणते बटण काय करते ते सांगते, पण ते केव्हा दाबावे याबद्दल फारसे बोलत नाही. दादीला हसते कसे करावे हे कोणत्याच पुस्तिकेत सापडणार नाही.

मग दोन्हींचे नाते काय? आपल्या घरांत याचे उत्तर पिढ्यान् पिढ्या आहे. मूल कुरआन वाचायला शिकते तेव्हा त्याच्यासमोर नूरानी कायदा असतो आणि शेजारी उस्ताद. 'ऐन' घशातून कसा काढायचा हे नुसता कायदा बघून येत नाही, त्यासाठी उस्तादांच्या तोंडाकडे बघावे लागते. पण कायदा नसेल तर ऐकलेले पाठ होते, वाचता येत नाही. पुढचे पान स्वतः उघडून वाचायची ताकद कायद्यातून येते. आणि तिसरी गोष्ट, जी आपण विसरतो: उस्ताद नुसते म्हणून दाखवत नाहीत. ते आपले ऐकतात, चूक झाली की थांबवतात, आणि तेच अक्षर पुन्हा म्हणायला लावतात.

व्हिडिओत उस्तादांचे तोंड दिसते, त्यांचे कान मात्र आपल्यापर्यंत येत नाहीत. भाचीने आठ महिने व्हिडिओ पाहिले, पण त्या आठ महिन्यांत तिचा एकही फोटो कोणी तपासला नाही. तिची चूक पहिल्यांदा दिसली ती दुसऱ्याच्या निकाहमध्ये.

आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, मूळचे छायाचित्रकार. १९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपणही चित्रपट काढायचा असे ठरवले. त्यासाठी त्यांनी आधी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले आणि या विषयावरचे छापील साहित्य मिळवून वाचले. तेवढ्यावर भागत नाही हे ओळखून १९१२ साली ते लंडनला गेले, तिथल्या स्टुडिओत काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहिले आणि कॅमेरा मागवून परतले. परतल्यावरही लगेच मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी एक छोटा चित्रपट केला आणि कॅमेरा हातात बसला का ते तपासले. फिल्म धुण्याच्या कामात पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने होत्या. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. पाहणे, वाचणे, आणि मग कुणाचे नुकसान होणार नाही अशा लहान कामावर हात तपासणे. तीनही पायऱ्या त्यांनी घेतल्या. भाचीकडून वाटाण्याचे रोप राहून गेले होते.

आणखी मागे गेलो तर या विद्येच्या मुळाशीच आपल्याला इब्न अल-हैसम भेटतात. इ.स. ९६५च्या सुमारास बसरा शहरात जन्म, पुढचे आयुष्य काहिरात. प्रकाश आणि दृष्टी यांवरचा त्यांचा ग्रंथ 'किताब अल-मनाझिर' पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्वानांनी शतकानुशतके अभ्यासला. युक्लिड आणि टॉलेमी यांची पुस्तके त्यांनी कसून वाचली होती. तरी पुस्तकात आहे म्हणून खरे, असे त्यांनी मानले नाही. टॉलेमीबद्दलच्या शंकांचा तर त्यांनी वेगळा ग्रंथच लिहिला. त्यांचा एक प्रयोग आपल्या घरात करता येईल. अंधाऱ्या खोलीच्या दाराला लहान भोक, बाहेर वेगवेगळ्या जागी काही दिवे. आतल्या भिंतीवर जितके दिवे तितके ठिपके दिसतात. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो. यातून कळले की प्रत्येक दिव्याचा उजेड सरळ रेषेत येतो आणि भोकातून जाताना एकमेकांत मिसळत नाही. आजचा कॅमेरा याच भोकाचा वंशज आहे. ज्यांनी आधी वाचले आणि मग दिवे झाकून पाहिले, अशा माणसाच्या विद्येत आपण नुसते पाहून पुढे जायचे, हे बरे दिसत नाही.

भाचीने तसेच केले. घरच्या ट्यूबलाइटखाली भिंतीसमोर खुर्ची ठेवली, खुर्चीवर धाकट्या भावाला बसवले. आवाज न करणारे शटर लावून वेग १/५० सेकंद, मग १/१००, मग १/५००. मग साधे शटर लावून तेच तीन वेग. १/५०० ला पट्टे स्पष्ट, १/१०० आणि १/५० ला जवळजवळ नाहीत. कारण त्या वेळात दिव्याची कमी-जास्त होण्याची फेरी पूर्ण होते. अमेरिकेतली वीज ६० फेऱ्यांची आहे, म्हणून तिकडचे व्हिडिओ १/६० किंवा १/१२० सांगतात, हेही तिला तेव्हा कळले. त्यांचा आकडा त्यांच्या विजेचा. आपल्याला आपला शोधावा लागतो.

दुसरी अडचण बुरख्याची. तिने पाहिलेल्या एकाही व्हिडिओत काळा बुरखा घातलेल्या दहा जणींचा ग्रुप फोटो नव्हता. तिच्या कामात मात्र तो दर वेळी असणार. कॅमेऱ्याचे मापन समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे धरून चालते. त्यामुळे चौकटीत काळे कपडे जास्त असले की तो उजेड वाढवतो, काळा रंग राखाडी होतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. पांढऱ्या शेरवानीवाल्यांच्या फोटोत उलटे होते, सगळे मळकट दिसते. पुस्तिकेत उजेड कमी-जास्त करायच्या बटणाचे पान आहे. काळे जास्त असेल तर उणे करा, पांढरे जास्त असेल तर अधिक. नियम एवढाच, पण तो समजला की बुरखा, शेरवानी आणि पुढे भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी, सगळीकडे तोच चालतो. व्हिडिओतली कृती त्या एका दृश्यापुरती असते.

पुस्तिका वाचायला घेण्याचे आणखी एक कारण मला जास्त मोलाचे वाटते. बायकांच्या बाजूचे फोटो ही अमानत आहे. अनेक कॅमेरे आता फोनला जोडलेले असतात आणि काढलेले फोटो आपोआप फोनवर पाठवतात. फोन ते पुढे इंटरनेटवरच्या साठ्यात टाकतो. काढणाऱ्या मुलीच्या मनात काही नसते, तरी एखाद्या घरच्या सुनेचा फोटो तिच्या नकळत चार ठिकाणी जाऊन बसतो. ही सोय कुठे बंद करायची, कार्ड पूर्ण कसे पुसायचे, ते पुस्तिकेत लिहिलेले असते. फोटो काढण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही. पण ज्या घराने आपल्या लेकीबाळींचे फोटो विश्वासाने काढू दिले, त्या घराचा विश्वास सांभाळावा, यात मतभेद नाही.

ज्यांच्या घरी असे शिकणारे मूल आहे त्यांनी एक साधी सवय लावावी. व्हिडिओत नवे काही पाहिले की त्याच संध्याकाळी आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ते पान शोधायचे. पुस्तिका फोनवर असेल तर शब्द टाकून शोधता येतो. सगळे पान नाही समजले तरी खालची सूचना वाचायचीच. इंग्रजी अडले तर शाळेतल्या बाईंना विचारावे, वहीत मराठीत लिहून ठेवावे. मग घरात करून पाहावे. आणि आठवड्यातून एकदा जाणत्या माणसाला फोटो दाखवावेत. भाची आता दौंडच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या चाचांकडे अम्मीबरोबर जाते. चाचा फार बोलत नाहीत. फोटो बघतात आणि विचारतात, "हा असा का काढलास?" उत्तर देता आले नाही की ती घरी येऊन पुस्तिका उघडते.

त्या निकाहच्या घरी ती स्वतः गेली. फोटो दाखवले, चूक सांगितली, घेतलेले पैसे समोर ठेवले. दुल्हनची अम्मी बराच वेळ सहीचा फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "बेटा, वाईट तर वाटतंय. पण तू आपणहून आलीस." अर्धे पैसे तिने परत केले आणि अर्धे घ्यायला लावले.

गेल्या महिन्यात पाटसला एक निकाह होता. भाची वेळेच्या तासभर आधी पोचली. डेकोरेशनवाल्याला सगळे दिवे लावायला सांगितले आणि रिकाम्या स्टेजचे दहा-बारा फोटो काढून पाहिले. सजावटीच्या काही माळांचा हिशेब वेगळा असतो, त्यातली एक पट्टे देत होती. ती बंद करून घेतली. इजाजतच्या वेळी तिने साधेच शटर वापरले आणि मोजून तीनदा खटका वाजू दिला. कोणाचे लक्षही गेले नाही. सहीचा फोटो आपांनी मला फोनवर पाठवला नाही, पाठवायचा नाही असा आता त्यांच्या घरात नियम आहे. पुढच्या वेळी कुरकुंभला गेलो की, इन्शाअल्लाह, त्या घरची परवानगी असेल तर बघेन.