बंद पाकिटाचा गुन्हा

फराळाच्या ताटाशी हा कडू विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मे २०१८ मध्ये शहागंज-राजाबाजार भागात दंगल पेटली आणि इंटरनेट बंद झाले. दंगलखोर रस्त्यावरच होते; मुलाची खुशाली विचारू पाहणारी आई मात्र घरात तळमळत बसली.

सगळे निरोप मोजक्या नाक्यांवरून जातात, म्हणून नाकेदाराचे फावते. त्यावर तोड म्हणून काहींनी संगणकाने थेट संगणकाशीच बोलावे अशी वाट काढली. तीही ओळखू येते. ‘बिटटोरेंट’ तर प्रत्येक संभाषणाच्या आरंभी स्वतःचे नावच सांगतो! मग निरोप पहिल्या अक्षरापासून गुप्त लिपीत पाठवू लागले. चीनच्या नाकेदारांनी २०२१ च्या अखेरीपासून असा निव्वळ अगम्य मजकूरच संशयित ठरवून अडवला. म्हणून आता ‘स्नोफ्लेक’सारखी साधने निरोपाला व्हिडिओ-संभाषणाचा साधा पोशाख चढवतात आणि परदेशी स्वयंसेवकाच्या संगणकातून तो पुढे धाडतात.

“लपवण्यासारखे आहेच काय?” असे आमचे सुज्ञ स्नेही विचारतात. आम्ही त्यांना विचारतो, आपण सगळी पत्रे पोस्टकार्डावरच लिहीत होता काय? बंद पाकीट वापरणारे सगळेच चोर होते काय?

आणि मराठवाड्याने तरी हा प्रश्न विचारू नये. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्याहून निघे. निजाम सरकारने बंदी घातली, की तेच पत्र दुसरे नाव धारण करून वाचकांकडे येई. त्या वेषांतराला आपण देशभक्ती म्हणतो. मग आजच्या वेषांतराला एकदम कपट कसे म्हणता?

पाकिटातून दुर्जनही पत्र पाठवतो, हे आम्हांस मान्य आहे. त्याला पुराव्यानिशी पकडा. पण २०२३ मध्ये आपल्या सरकारने दहशतवाद्यांचे कारण देऊन चौदा निरोप-साधनांवर बंदी घातली. त्यांत थेट फोन ते फोन निरोप नेणारे ‘ब्रायर’ही होते. एका चोरासाठी गावातली सगळीच पाकिटे जाळायची, हा कुठला न्याय?

वेषांतरालाही मर्यादा आहे. तारच तोडली, तर परदेशातल्या स्वयंसेवकापर्यंत पोचायचे कसे? तिथे कायदाच हवा. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. पुढच्या वेळी आपल्या शहरात इंटरनेट थांबले, तर वाचकहो, तो आदेश कुठे आहे, एवढे तरी विचारा.