मौजेसाठी कोणती बंदूक भारी? उत्तर आहे, सगळ्यात कमी आवाजाची!

एअर रायफल, पॉइंट २२ की शॉटगन? कायदा काय म्हणतो, विज्ञान काय सांगतं आणि ‘परवाना लागत नाही’ म्हणजे ‘खेळणं आहे’ असं का समजू नये?

पॅरिस ऑलिम्पिक २०२४ आठवतंय? तुर्कीचा ५१ वर्षांचा युसुफ डिकेच एक हात खिशात घालून, साधा चष्मा लावून उभा राहिला आणि रौप्यपदक घेऊन गेला. तो फोटो तुमच्याही फोनवर किमान तीनदा येऊन गेला असेल. त्याच स्पर्धेत मनू भाकरने दोन कांस्यपदकं जिंकली, त्यातलं एक सरबज्योत सिंगच्या साथीने. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्य मिळवलं.

तेव्हापासून मित्र, भावंडं, सोसायटीतली मुलं यांचा एक प्रश्न ठरलेला आहे. “पदकबिदक राहू दे, नुसती मजा म्हणून नेमबाजी करायची तर कोणती बंदूक घ्यावी?”

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र बंदुकीच्या दुकानापासून सुरू होत नाही, म्हणून हा लेख.

मजा नेमकी कशात असते?

आपल्याकडे नेम धरण्याची हौस जुनी आहे. गोट्या, लगोरी, बेचकीने कैऱ्या पाडणं, जत्रेत फुगे फोडणं. या सगळ्यांत मोठा आवाज कुठेच नाही. मजा आहे ती ‘इथे लागलं पाहिजे’ असं मनात ठरवण्याची आणि ते तिथेच लागण्याची.

बंदुकीचंही तसंच आहे. चित्रपट आणि मोबाइल गेममुळे आपल्याला धडाका, धूर आणि खांद्याला बसणारा झटका म्हणजेच थरार वाटतो. पण धडाक्याचं आकर्षण दहा-वीस फैरींत ओसरतं. कागदावर पडलेली पाच छिद्रं आधी बशीएवढ्या जागेत, मग पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत येऊ लागली, की माणूस त्यात अडकतो. म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे: मौजेसाठी सर्वात चांगली बंदूक म्हणजे पॉइंट १७७ ची, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा मारणारी साधी एअर रायफल.

जत्रेतली बंदूक कशी चालते?

चौपाटीवर किंवा जत्रेत फुग्यांच्या फळीसमोर असते ती बंदूक स्प्रिंगची. नळी मधून मोडून खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टनपुढची हवा दाबली जाते आणि तीच हवा छर्ऱ्याला नळीतून बाहेर फेकते. दारू नाही, ठिणगी नाही. सायकलच्या पंपाचाच हा ताकदवान भाऊ.

गंमत अशी की पिस्टन छर्ऱ्याच्या आधी हलतो. त्यामुळे छर्रा नळीत असतानाच बंदूक एकदा मागे आणि एकदा पुढे हिसका देते. ती करकचून आवळून धरली, तर हा हिसका दर वेळी वेगळा येतो आणि नेम विस्कटतो. सैल हातावर नुसती विसावू दिली, तर दर वेळी सारखा येतो. अनेक जण पहिल्या दिवशी इथेच फसतात: जोर लावला की नेम जातो.

जत्रेतल्या बंदुकीने फुगा हुकतो त्याचं एक साधं कारण म्हणजे तिची समोरची माशी आणि मागची खाच अनेकदा जुळलेली नसते. पहिला छर्रा कुठे गेला ते नीट बघा. डावीकडे गेला असेल, तर पुढचा नेम तेवढाच उजवीकडे धरा.

स्पर्धेतल्या एअर रायफली वेगळ्या. त्यांच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा आधीच भरलेली असते, त्यामुळे हिसका जवळजवळ नसतोच. जर्मनीच्या वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, ऑस्ट्रियाच्या स्टायर या रायफली नेमबाजांत प्रसिद्ध आहेत, पण किंमत लाखांच्या घरात जाते. मौजेसाठी त्यांची काहीही गरज नाही.

मग पॉइंट २२ आणि शॉटगन?

दोन्ही मजेदार आहेत, यात वाद नाही.

पॉइंट २२ रायफल ही स्वप्निल कुसाळेच्या प्रकारातली. ५० मीटरवरचं लक्ष्य, गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम. दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. झटका अगदी सौम्य आणि अचूकता अफाट, म्हणून जगभर हौशी नेमबाजांची ती लाडकी आहे. पण हे अग्निशस्त्र आहे. भारतात ते बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. नवख्यासाठी शहाणपणाचा मार्ग एकच, मान्यताप्राप्त रायफल क्लब.

शॉटगनने उडत्या तबकड्या फोडणं हा आणखी वेगळा आनंद. ११ सेंटिमीटर व्यासाची तबकडी भन्नाट वेगाने हवेत सुटते आणि नेम तिच्यावर नाही, ती जिथे पोहोचणार तिथे धरायचा असतो. उंच उडालेला झेल घेताना क्षेत्ररक्षक चेंडूखाली नाही, तो पडणार तिथे धावतो, तसंच. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं ते याच बंदुकीने. पण त्यासाठी मोठं मोकळं मैदान हवं, परवाना हवा आणि प्रत्येक फैरीला एक काडतूस संपतं. हौस महाग पडते.

आणखी एक हिशेब बघा. भारताच्या खात्यात नेमबाजीची सात ऑलिम्पिक पदकं आहेत. त्यातली चार हवेच्या बंदुकीची आहेत: अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण, गगन नारंगचं २०१२ चं कांस्य आणि मनूची दोन. ज्याला आपण ‘छर्ऱ्याची बंदूक’ म्हणून हसतो, तो प्रकार इतका मोठा आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि असे ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे असतात.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा देणारी एअर गन परवान्याच्या कक्षेत येते. त्याखालच्या एअर गनला परवाना लागत नाही. म्हणूनच ती ऑनलाइनही मिळते.

इथेच गडबड होते. ‘परवाना लागत नाही’ याचं आपण मनातल्या मनात ‘धोका नाही’ असं भाषांतर करतो. ते का चुकतं, हे समजायला बारावीचं भौतिकशास्त्र पुरेसं आहे. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ठोकताळा असा:

• स्पर्धेतली एअर रायफल: ०.५३ ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला १७५ मीटर वेग, सुमारे ८ ज्यूल
• विनापरवाना मर्यादा: २० ज्यूल
• पॉइंट २२ रायफल: २.६ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ३३० मीटर वेग, सुमारे १४० ज्यूल
• तबकड्यांची शॉटगन: २४ ग्रॅम छर्रे, सेकंदाला ४०० मीटर वेग, सुमारे १,९०० ज्यूल

आता ८ ज्यूल म्हणजे किती? क्रिकेटचा चेंडू ताशी ३६ किलोमीटर वेगाने अलगद फेकला, तर त्यातही साधारण ८ ज्यूलच असतात. तो आपण सहज झेलतो. मग छर्ऱ्याला का घाबरायचं? कारण चेंडूची ऊर्जा तळहातभर पसरते, छर्ऱ्याची मसुराच्या दाण्याएवढ्या टोकावर एकवटते. सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाच्या पुढे असा छर्रा माणसाची कातडी भेदू शकतो. डोळ्याला तर त्याहून कमी वेग पुरतो. आणि गच्चीवरून सुटलेला छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो. समोरच्या बिल्डिंगपर्यंतचं अंतर याच्या निम्मंही नसतं.

थोडक्यात, बाकी बंदुकांच्या तुलनेत एअर गन सर्वात कमी ताकदीची आहे, पण खेळणं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

खरी अडचण कुठे आहे?

समजा, तुम्ही एअर गन मागवली. घरी आली. आता मारणार कुठे?

खरा प्रश्न हा आहे आणि तो कुणी विचारत नाही. मुंबईत वरळीला, पुण्यात बालेवाडीला रेंज आहे. कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत दिल्या. पण बहुसंख्य तालुक्यांच्या गावी हौशी माणसाला पैसे भरून तासभर नेम धरता येईल अशी जागाच नाही. बंदूक कुरिअरने घरपोच येते, रेंज येत नाही. मग उरते गच्ची, परसदार नाहीतर माळरान. कागदाचा कंटाळा आला की नळी वर उचलली जाते: आधी बाटली, मग नारळ, मग कबुतर, पोपट, खार.

हे किती मोठं होऊ शकतं ते अरुणाचल प्रदेशात दिसलं. तिथे एअर गनने पक्षी मारण्याचं प्रमाण इतकं चिंताजनक झालं की मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून ‘एअर गन सरेंडर अभियान’ सुरू झालं. लोकांनी आपणहून दोन हजारांहून जास्त एअर गन सरकारकडे जमा केल्या. पक्ष्यांचा आवाज परत यावा, हा हेतू होता.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित पक्षी-प्राणी मारणं हा गुन्हा आहे, मग हत्यार विनापरवाना असलं तरी. दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असं निष्काळजी कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये बसतं. आणि लग्नात, मिरवणुकीत अग्निशस्त्राने हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग बंदीच का नको?

काही जण म्हणतील, एवढा धोका आहे तर हातात बंदूक द्यायचीच कशाला? ही भीती खोटी नाही. पण बंदीने नेम धरण्याची हौस संपत नाही, ती आडोशाला जाते. उलट रेंजवर पहिल्या तासाला शिकवतात ते नेम मारायला नाही, शिस्त पाळायला. नळी कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबणार. चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात धुवायचे. ही शिस्त ऑनलाइन पार्सलमध्ये मिळत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पण दहा मीटरची एअर रेंज ही सर्वात स्वस्त रेंज आहे. शाळेच्या दोन वर्गखोल्यांएवढी लांब बंद जागा, लक्ष्यामागे भक्कम भिंत, छर्रे अडवणाऱ्या पेट्या, चांगला उजेड आणि एक प्रशिक्षक. ना एकरभर मैदान, ना कानठळ्या बसवणारा आवाज. स्वप्निल कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला. सरकारने जागा आणि मार्गदर्शक दिला की शेतशिवारातला मुलगा कुठवर जातो, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात अशी एक खोली असणं ही चैन नाही. पदकं आली तर उत्तमच. नाही आली तरी गच्चीवरच्या बंदुका छताखाली येतील, हा फायदा पुरेसा आहे.

तोवर आपण काय करायचं?

१. आधी रेंज शोधा, मग बंदूक. जवळच्या क्लबात एक-दोन महिने तिथलीच रायफल वापरा. पन्नास टक्के हौस तिथेच भागते.

२. घेतलीच तर पॉइंट १७७, साधी माशी आणि खाच असलेली घ्या. दुर्बिणीच्या मोहात पडू नका, उघड्या नेमाने हात बसतो. जाहिरातीतला वेगाचा आकडा बघून तर मुळीच निवडू नका. दहा मीटरवर जास्त वेगाने गुण वाढत नाहीत.

३. लक्ष्य कागदाचंच. दगड, पत्रा, काँक्रीट यांवर छर्रा उसळून परत येऊ शकतो.

४. स्प्रिंगची बंदूक छर्रा न भरता उडवू नका. पिस्टन आतून आपटतो आणि सील फाटतं.

५. वापर झाला की बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या ठिकाणी. लहान मुलांच्या हाती एकटं असताना कधीच नाही.

६. मागे भक्कम आडोसा नसेल, तर त्या दिवशी नेमबाजी नाही. ‘फक्त एकच मारतो’ हे वाक्य तिथे चालत नाही.

मौजेची बंदूक निवडताना ‘हिने किती लांब मारता येतं?’ असं विचारू नका. ‘माझा छर्रा कुठे थांबणार आहे?’ असं विचारा. याचं उत्तर ज्याच्याकडे तयार आहे, त्याने खुशाल नेम धरावा.