डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी: महाड-पोलादपूरकरांना जाहीर आवाहन



मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरची. सध्या सरकारी मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर दर रविवारी आम्ही चार मेडिकलचे विद्यार्थी महाडला अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेसाठी शिकवणार आहोत. फी नाही.

कल्पना आमची नाही. डॉ. अतुल ढाकणे यांनी 2015 मध्ये पुण्यात 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' सुरू केलं. तिथे मेडिकलचे विद्यार्थी गरीब घरच्या मुलांना शिकवतात. पुढे मेळघाटातल्या आदिवासी मुलांपर्यंतही हे काम पोचलं. मेळघाटात जमलं, तर इथे का जमू नये?

आपली मुलं अभ्यासात मागे नाहीत, पण ही परीक्षा कशी द्यायची ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला 4, चुकलं की उणे 1. शेवटच्या घाईत 40 गोळे अंदाजाने काळे केले आणि 6 बरोबर निघाले, तर आधी कमावलेल्यातले 10 गुण जातात. पहिल्या वेळी मी हेच करून बसले होते. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, पण तसं फॉर्म भरतानाच निवडावं लागतं. शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात, म्हणून दोन्ही वाचायची सवय हवी.

पालकांनो, लातूरच्या क्लाससाठी शेताचा तुकडा काढण्याआधी चार रविवार मुलांना आमच्याकडे पाठवून बघा. मुलींनाही पाठवा, शेवटच्या एसटीच्या आत सोडू. जात वैधता, अधिवास, नॉन-क्रिमिलेयर यांतले जे लागू असतील ते दाखले आत्ताच काढायला टाका. निकालानंतर 'सीट करून देतो' म्हणणाऱ्याचा फोन आला तर ठेवून द्या.

निवृत्त शिक्षकांना विनंती: फिजिक्स घ्या. बायोलॉजी आम्ही सांभाळू, फिजिक्स मात्र बारावीनंतर आम्ही आनंदाने विसरलो.

मुंबईकर ग्रामस्थ मंडळांनो, पूजेच्या वर्गणीतून एनसीईआरटीच्या पुस्तकांचे दोन-चार संच द्या. जुनी चालतील. महाडमध्ये एसटी स्थानकाजवळ रविवारपुरती खोली कुणी दिली, तर मोठंच काम होईल.

हे सगळं कशासाठी? डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातून बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले आणि महाडचेच झाले. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून त्यांनी इथली माणसं वाचवली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरचा डॉक्टर असा इथे रुजावा, हे आपलं नशीब. पण दर वेळी नशिबावर किती दिवस विसंबायचं?

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी 10 वाजता चवदार तळ्यापाशी जमू. मुलांनी वही आणावी, पालकांनी शंका आणाव्यात.

आपली,
पोलादपूरची एक विद्यार्थिनी