अंड्याचा रंग आणि अंड्याचे मोल

राजधानी परिसरात थंडी पडू लागली की अंड्यांचा खप वाढतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील चौकाचौकांत उकडलेल्या अंड्यांच्या रेहड्या उभ्या राहतात आणि किराणा दुकानांत तीस-तीस अंड्यांच्या ट्रेंची चळत कमरेएवढी उंच होते. या पांढऱ्या चळतीशेजारीच अलीकडे सहा अंड्यांची एक ऐटदार डबी दिसते. आतील अंडी तपकिरी आणि साऱ्यांची छटा अगदी एक. वेष्टनावर बहुधा हिरवे कुरण, नाही तर एखादे कौलारू घर. किंमत पांढऱ्या अंड्याच्या दीडपट, कधी दुप्पट. दुकानदार त्यांस ‘देसी’ म्हणतो. दिल्लीत स्थायिक झालेले मराठी कुटुंब या शब्दाचे मनातल्या मनात ‘गावठी’ असे भाषांतर करते आणि आजोळच्या परसाचे स्मरण करीत पैसे मोजते.

हे पैसे नेमके कशाचे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक तो विचारावयास हवा. कारण ज्या परसातील कोंबडीच्या नावाने हा जादा दाम घेतला जातो, त्या परसापर्यंत तो पोहोचतोच असे नाही.

प्रथम रंगाविषयी. कोंबडीच्या पोटात अंडे पूर्ण होण्यास साधारणतः चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यांपैकी सुमारे वीस तास ते कवचग्रंथीत असते. कवच मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्या कुळातले; त्यामुळे मुळात प्रत्येक अंडे पांढरेच असते. तपकिरी अंड्यावर शेवटच्या काही तासांत प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा हात फिरतो. रक्ताला लाली देणारे जे हीम, त्याच्या घडणीतील हा एक टप्पा होय. हा रंग प्रामुख्याने कवचाच्या बाहेरच्या थरात बसतो. म्हणूनच तपकिरी अंडे फोडले असता कवचाची आतील बाजू फिकट दिसते.

हा हात किती फिरावा, हे कोंबडीच्या जातीवर अवलंबून असते. इटलीतील लिव्होर्नो बंदराचे नाव घेऊन जगभर गेलेली व्हाइट लेगहॉर्न शुभ्र अंडे देते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेडचे अंडे तपकिरी असते, तर फ्रान्समधील मारान्स या जातीचे अंडे चॉकलेटसारखे गडद. आपल्याकडील असील, निकोबारी किंवा महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील बुसरा या जातींची अंडी सायीच्या रंगापासून फिक्या तपकिरीपर्यंत विविध छटांची असतात. जुने जाणकार कोंबडीच्या कानाची पाळी पाहून अंड्याचा रंग सांगतात. पांढरी पाळी असली तर पांढरे अंडे, तांबडी असली तर तपकिरी. हा आडाखा पुष्कळदा जुळतो, पण त्यास अपवादही आहेत.

निळ्या अंड्याची कथा निराळी आणि अधिक रंजक आहे. चिली देशातील अराउकाना आणि चीनमधील काही स्थानिक जाती निळसर अंडी देतात. हा रंग बिलिव्हर्डिन या द्रव्याचा असून तो केवळ पृष्ठभागावर न राहता कवचभर मुरतो. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी १९३३ मध्ये या गुणाची आनुवंशिकता मांडली. त्याचे मूळ कारण मात्र २०१३ मध्ये उजेडात आले. फार पूर्वी एका विषाणूचा अंश कोंबडीच्या गुणसूत्रांत शिरला आणि तेथेच राहिला. विशेष म्हणजे चीनमध्ये व दक्षिण अमेरिकेत ही घटना स्वतंत्रपणे घडली. निळ्या कवचावर तपकिरी थर चढला की अंडे हिरवे दिसते. भारतीय परसात अशा जाती रूढ नाहीत, पण रंग हा आहाराचा किंवा आरोग्याचा नव्हे तर कुळाचा प्रश्न आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

पोषणाच्या दृष्टीने, कोंबड्यांचा आहार व निगा सारखी असेल तर पांढऱ्या आणि तपकिरी अंड्यांत उल्लेखनीय फरक आढळत नाही. बलकाचा गडद पिवळा रंग खाद्यातील मका व हिरवा पाला यांवरून ठरतो. कवचाशी त्याचा संबंध नाही. ग्राहक मात्र कवच आणि बलक यांची गल्लत करतो. ही गल्लत केवळ भारतीयांचीच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये एके काळी पांढरी अंडी सर्रास खाल्ली जात असत. १९७० च्या दशकापासून तेथील ग्राहक तपकिरी अंड्याकडे वळला आणि पांढरे अंडे दुकानांतून जवळजवळ नाहीसेच झाले. अंडे तेच राहिले, समजूत बदलली.

तपकिरी अंडे महाग असण्यास एक रास्त कारणही आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. लेगहॉर्न अंगाने लहान, खाते कमी आणि तिच्या संकरित वाणांपासून वर्षाला तीनशेहून अधिक अंडी मिळतात. तपकिरी अंडे देणाऱ्या व्यावसायिक कोंबड्या सहसा अंगाने भारी असतात. त्यांना खाद्य जास्त लागते. तेव्हा उत्पादकाने काही पैसे अधिक मागितले तर ती लूट नव्हे. परंतु खाद्याचा खर्च वसूल करणे वेगळे आणि कौलारू घराचे चित्र छापून परसाचा आभास विकणे वेगळे.

कारण खऱ्या परसातील टोपली मुळी एकरंगी नसतेच. आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या घरी एकीचे अंडे साईसारखे, दुसरीचे गव्हाळ, तिसरीच्या अंड्यावर गुलाबी झाक, तर चौथीचे जवळजवळ पांढरे. कोंबडी वयस्क होत जाते तसा तिच्या अंड्याचा रंग उतरतो. ती बिथरली, आजारी पडली तरी तो फिका होतो. आकारही सारखे नसतात. याच्या उलट, एकाच छटेची, एकाच मापाची तपकिरी अंडी हजारोंनी हवी असतील, तर एकाच वाणाच्या, एकाच वयाच्या आणि एकाच खाद्यावर पोसलेल्या कोंबड्या लागतात. अर्थात त्या मोठ्या शेडमध्ये, पुष्कळदा पिंजऱ्यांतच असतात. महाराष्ट्रात बीव्ही ३८० या तपकिरी अंडी देणाऱ्या व्यावसायिक वाणाची अंडी अनेक ठिकाणी ‘गावठी’ म्हणून विकली जातात, ती याच न्यायाने. त्यांत वाईट काही नाही; अंडे उत्तमच असते. केवळ नाव चुकीचे आहे. ज्या एकसारखेपणाला ग्राहक अस्सलपणाची खूण समजतो, तीच ते अंडे परसातले नसल्याची खूण ठरते, हा या व्यवहारातील विरोधाभास होय.

राजधानी क्षेत्रापुरते पाहावयाचे तर हा विरोधाभास अधिकच बोचतो. दिल्लीकरांच्या ताटातील पांढरे अंडे मोठ्या प्रमाणावर हरियाणातून येते. पंचकुला जिल्ह्यातील बरवाला हे त्याचे प्रमुख केंद्र आहे. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती दररोज जे दर जाहीर करते, त्यांत बरवाल्याचा दर उत्तर भारतात प्रमाण मानला जातो. ही समिती १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिचा कारभार पुण्यातून चालतो, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. पांढऱ्या अंड्याचा दर शेकड्याने ठरतो, सर्वांना कळतो आणि त्यावर उत्पादकाला हिशेब मांडता येतो. तथाकथित देशी अंड्यास असा कोणताही सर्वमान्य दर नाही. तेथे जो तो आपापला भाव सांगतो.

दुसरीकडे नूह, बागपत, अलवर हे जिल्हे याच राजधानी क्षेत्रात मोडतात. कर्नालही याच क्षेत्रात आहे आणि तेथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे देशातील सुमारे वीस कोंबडीजातींची नोंद आहे. त्यांत पंजाब-हरियाणाची म्हणून ओळखली जाणारी पंजाब ब्राउन ही जातही आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून ‘कारी निर्भीक’, कडकनाथच्या संकरातून ‘कारी श्यामा’ असे परसासाठी योग्य वाण सिद्ध केले आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचे ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे वाण तपकिरी अंडी देतात. साधी गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देऊन खुडूक होते. ग्रामप्रिया परसातही दीडशेच्या पुढे जाते. म्हणजे जाती आहेत, ज्ञान आहे, आणि दिल्लीसारखी भुकेली बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे.

माणसेही आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची संख्या ३१.७ कोटी भरली. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा ४५.८ टक्क्यांनी अधिक. याच काळात व्यावसायिक कोंबड्यांची वाढ अवघी ४.५ टक्के होती. या परसातील पक्ष्यांची राखण बहुतांशी घरातील स्त्रियाच करतात आणि अंड्याचा पैसा हा त्यांच्या हाती थेट पडणाऱ्या थोड्या पैशांपैकी एक असतो. मुलाची वही, औषधाची बाटली, बचत गटाचा मासिक हप्ता त्यातून निघतो. शहरातील ग्राहक रंग पाहून दाम देऊ लागला की गावात येणारा व्यापारी टोपलीतून गडद तपकिरी तेवढी निवडतो आणि फिकी अंडी साध्या दराने मागतो. एकाच अंगणातील, एकच दाणा टिपलेल्या दोन कोंबड्यांच्या अंड्यांत असा भेद करण्यास काडीचाही आधार नाही.

रंगालाच मोल आले की रंगाऱ्याचेही फावते. तपकिरी रंग कवचाच्या बाहेरच्या थरात बसतो, हे वर आलेच आहे. नेमकी तीच गोष्ट नकल करणाऱ्याच्या पथ्यावर पडते. पांढरे अंडे चहाच्या पाण्यात किंवा कृत्रिम रंगात बुडवून ‘देसी’ करून विकण्याचे प्रकार उत्तर भारतात उघडकीस आल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. अशा वेळी ओरड ठगाविरुद्ध होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु ग्राहकाने रंगाऐवजी कोंबडीची चौकशी केली असती, तर चहाच्या त्या पाण्याला कोणी विचारले असते?

बँकेच्या दृष्टीनेही हा विषय किरकोळ नाही. कडकनाथचे उदाहरण ताजे आहे. झाबुआ भागातील या काळ्या कोंबडीच्या मांसास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्याभोवती मोठे वलय निर्माण झाले. तिचे मांस काळे, हाडेही काळी. तेव्हा अंडेही काळेच असणार, अशी समजूत शिकल्या-सवरल्या लोकांतही आढळते. प्रत्यक्षात ते फिकट, किंचित गुलाबी तपकिरी असते. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात चढ्या भावाने पिल्ले देऊन अंडी व पक्षी परत विकत घेण्याची हमी देणाऱ्या योजनेत असंख्य शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कित्येकांनी त्यासाठी कर्जे काढली होती. त्या शेडमध्ये कोंबड्या खऱ्या होत्या, अंडीही खरी होती. त्या भावाने घेणारा गिऱ्हाईक मात्र कोठेच नव्हता.

पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून झाली आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ पासूनच्या सुधारित स्वरूपात ग्रामीण कुक्कुटपालनाच्या प्रकल्पास भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्यामुळे अशी कर्ज प्रकरणे शाखांकडे येतात व येत राहतील. प्रकल्प अहवालात ‘देशी अंडी, दर अमुक’ एवढीच ओळ असेल तर शाखाधिकाऱ्याने तेथे थांबावे. वाण कोणता, तो वर्षाला किती अंडी देतो, पक्षी मोकळे की बंदिस्त, माल उचलणार कोण आणि श्रावणात व नवरात्रात मागणी घसरते तेव्हा हप्ता कशातून भरणार, हे विचारावे. लसीकरणाची व्यवस्था तर विचारावीच. राणीखेत रोगाची एक साथ साऱ्या ताळेबंदावर पाणी फिरवते. एखाद्या उत्साही अर्जदारास ही चौकशी आडमुठेपणाची वाटेल. तरीही ती व्हावी.

ग्राहकाच्या बाजूने अपेक्षा याहून सोपी आहे. डबीवर ‘तपकिरी’ किंवा ‘देसी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. त्याऐवजी कोंबडीचा वाण, ती पाळण्याची पद्धत आणि अंडे घातल्याचा दिवस छापला जावा. मोकळ्या अंगणातील अंड्यास जादा दाम द्यावयाचा असेल तर तो जरूर द्यावा. पण तो अंगणाचा असावा, रंगाचा नसावा. आज नूहमधील एखाद्या बचत गटाने सहाच्या डबीत सहा छटांची अंडी भरून दिल्लीस पाठवली, तर दुकानदार ती ‘मिसळीचा माल’ म्हणून बाजूला सारील, कारण त्याचे गिऱ्हाईक झाकण उघडून आधी रंग जुळवून पाहते.