पिनांगचा मुक्काम : आधी हिशेब, मग सामान

संगणकावर काम करणारी आपली मुले विचारतात, “काम घरूनच होते, तर स्वस्त शहरात राहून का करू नये?” प्रश्न रास्त आहे. मलेशियात पिनांग बेटावरचे जॉर्जटाउन त्यासाठी सोयीचे. तेथील कपितान केलिंग मशिदीचा पाया हिंदी मुस्लिम व्यापाऱ्यांनीच १८०१ च्या सुमारास घातला. हलाल जेवण सहज मिळते, घड्याळही आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे.

पण हिशेब करा. अशा लोकांसाठी मलेशियाने २०२२ मध्ये ‘डीई रांताऊ’ पास काढला, तेव्हा संगणक क्षेत्रातील अर्जदाराला वर्षाला २४,००० अमेरिकी डॉलरहून अधिक कमाईची अट घातली. म्हणजे स्वस्ताई आधीच बरे कमावणाऱ्यासाठी!

बाकीच्यांना दलाल सांगतो, “पर्यटक व्हिसावर जा, पुढचे बघू.” फसू नका. २०२२ मध्येच थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन अडकवले गेले. भारत सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला.

करार पाळणे ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि व्हिसा हाही करारच. म्हणून आधी घरी बसून परदेशी गिऱ्हाईक जोडा, वर्षभराची कमाई बँकेत दिसू द्या, मगच तिकीट काढा. आईचे दागिने गहाण ठेवून तर मुळीच नको.