मागच्या सीटला पॉइंट पाहिजेच, पण फ्यूजसकट!

पोस्ट लांब आहे. पण तुमच्या गाडीत सीट कव्हरवाल्याकडून किंवा गॅरेजवाल्याकडून मागं चार्जिंग पॉइंट काढून घेतला असेल, तर शेवटपर्यंत वाचाच.

आपल्या उदगीरात गाडी घेतली की आठ दिवसांत तीन कामं होतात. सीट कव्हर, नंबरप्लेटजवळ लिंबू-मिरची आणि मागच्या सीटला किंवा डिक्कीत जास्तीचा चार्जिंग पॉइंट. पहिल्या दोन कामांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसऱ्याबद्दल मात्र आहे, आणि ते तीन जणांना ऐकवायचंय: कंपनीला, सरकारला आणि आपल्याला.

आधी कंपनीला. गाडीतलं १२ व्होल्टचं ते गोल भोक मुळात सिगारेट पेटवायला आलं. म्हणजे पुढं बसून सिगारेट ओढणाऱ्याची सोय शंभर वर्षांपूर्वी सुचली, आणि मागं बसलेल्या म्हातारीच्या वाफेच्या मशीनची सोय अजून स्वस्तातल्या कित्येक मॉडेलांत सुचत नाही. मागं पॉइंट पाहिजे? टॉप मॉडेल घ्या, लाखभर जास्त मोजा. आणि बाहेरून बसवून घेतला तर "वॉरंटी जाईल" ही धमकी तयार!

मागं बसतं कोण, ते बघा. आपल्याकडं मोठं दुखणं निघालं की लातूर, नाहीतर बिदरवरून थेट हैदराबाद. चार-पाच तासांचा रस्ता. पेशंट मागच्या सीटवर आडवा. दम्याच्या माणसाला मधेच नेब्युलायझर लागतो. लेकराचं दूध कोमट करायचं असतं. दवाखान्यातून येणाऱ्या फोनसाठी मोबाईल जिवंत ठेवायचा असतो. "पॉवर बँक घ्या की" असं म्हणणाऱ्यांना सांगतो, पॉवर बँकेवर फोन चालतो, घरातला नेब्युलायझर चालत नाही.

मागच्या सीटची आठवण या देशाला मोठा माणूस गेल्यावर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागच्या बेल्टचा नियम त्याच्या आधीपासून होता. चर्चा मात्र त्या दिवसापासून सुरू झाली.

आता आपल्याला. गरज खरी आहे म्हणून काम कसंही करायचं का? दोन मिनिटं साधा हिशोब करू.

१२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॉट. बहुतेक गाड्यांतला हा पॉइंट एवढ्याच ताकदीचा असतो. फोनच्या चार्जरला हे भरपूर झालं. पण घरातला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टर लावून जोडला, तर तो तीन-साडेतीनशे वॉट मागतो, म्हणजे जवळपास ३० अँपिअर. हा भार त्या पॉइंटचा नव्हेच.

आता वायर. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर जायला आणि पाच मीटर यायला धरा. पाऊण चौरस मिलीमीटरची बारीक वायर टाकली आणि १० अँपिअर ओढले, तर दोन व्होल्टच्या वर वाटेतच जिरतात आणि साधारण २३ वॉटची उष्णता कार्पेटखाली तयार होते. दाबलेल्या, टेप गुंडाळलेल्या एखाद्या जोडावर ती एकवटली की काय होईल, हे वेगळं सांगायला नको. अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर टाकली तर हाच आकडा सातवर येतो. दोन्ही वायरींच्या किमतीत फरक किती? एका जेवणाच्या बिलाएवढा.

आणि फ्यूज! फ्यूज असतो तो वायर वाचवायला. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे. सॉकेटजवळ लावला तर मधली पाच मीटर वायर उघड्यावर पडली म्हणून समजा. ती दरवाज्याच्या पट्टीखाली कुठं घासली, तर पुऱ्या बॅटरीचा करंट तिच्यातून जाणार.

मी हा प्रश्न एका दुकानात विचारला. उत्तर काय? "मालक, काही होत नाही, कशाला भिऊलालाव? फ्यूज उडूलालाय तर मोठा टाकू की." सगळा घोळ या एका वाक्यात आहे. फ्यूज उडतोय म्हणजे तो ओरडून सांगतोय की भार जास्त आहे किंवा वायर कुठंतरी चिकटतेय. आपण त्याचं तोंडच बंद करतो.

आणखी एक. ज्यांच्या डिक्कीत सीएनजीची टाकी आहे, त्यांनी तिथं पॉइंट काढूच नये. प्लग घालता-काढताना ठिणगी पडते, आणि बंद डिक्कीत व्हॉल्व्हजवळ ठिणगीला जागा नसते. तसंच सीटखालच्या पिवळ्या वायरींना हात लावू देऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात.

आता सरकारला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचे तपशील बदलतील असा बदल गाडीत करता येत नाही. मागच्या पॉइंटनं आरसीवरची एक ओळही बदलत नाही, म्हणून हे काम कायद्याच्या नजरेतून निसटतं. पीयूसीत धूर बघतात, वायरिंग कोण बघत नाही. खाजगी गाडीला फिटनेस थेट पंधरा वर्षांनी. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरजवळ बस जळाली, वीसच्या वर माणसं गेली, आणि सुरुवातीचा संशय एसीच्या शॉर्टसर्किटवर होता. बस मोठी, कार लहान, पण बाहेरून जोडलेल्या वायरचा धर्म दोन्हीकडं एकच.

"सरकार एवढ्या बारक्या गोष्टीत कशाला पडेल?" असं कुणी म्हणेल. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा झालाच ना? मग फ्यूजसकट मागचा पॉइंट सर्वात स्वस्त मॉडेललाही सक्तीचा करायला काय अडचण आहे?

गॅरेजवाल्या पोरांना शिव्या देऊन काही होणार नाही. ती उस्तादाकडं बघून शिकली, कागदावरचं कुणी शिकवलंच नाही. उदगीरच्या आयटीआयत त्यांच्यासाठी संध्याकाळचे आठ दिवसांचे वर्ग घ्या, प्रमाणपत्र द्या. काळीपिवळीच्या फिटनेसला बाहेरून टाकलेली वायर तपासा.

तोवर आपण एवढं करू. काम करून घेताना समोर उभं राहा. वायर किती जाडीची, फ्यूज किती अँपिअरचा, ते बिलावर लिहून घ्या. रिले टाकून घ्या, म्हणजे चावी काढली की पॉइंट बंद होईल आणि सकाळी गाडी ढकलावी लागणार नाही. विम्यात जास्तीच्या इलेक्ट्रिक वस्तू दाखवायची सोय असते, ती वापरा. बिल द्यायला तयार नसलेल्या दुकानाची पायरी उतरा.

मागच्या सीटवर आपली आई बसते, आपलं लेकरू झोपतं. त्यांच्या पायाखालून गेलेली वायर कोणती आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? उद्या सकाळी बॉनेट उघडून बॅटरीपाशी फ्यूज आहे का बघा, आणि काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. पटलं तर पोस्ट पुढं पाठवा, विशेषतः नवी गाडी घेतलेल्या पाव्हण्यांना.