शिवेपलीकडचा पगार

शार्लट शहरातून इंटरस्टेट 77 महामार्गाने दक्षिणेकडे निघालं, की थोड्याच वेळात नॉर्थ कॅरोलायना संपतं आणि साउथ कॅरोलायना सुरू होतं. पाटी वाचली नाही तर शीव ओलांडल्याचं कळतही नाही. माती तशीच तांबडी, झाडं तशीच पाइनची आणि शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या मैदानांवर फुटबॉलसाठी लागणारे दिवेही तसेच. बदलतो तो शिक्षकाचा पगार. 2024-25 या शालेय वर्षात नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य वेतनश्रेणीत नवख्या शिक्षकाला वर्षाला 41,000 डॉलर मिळत होते. शिवेपलीकडे किमान पगार होता 47,000. अमेरिकेत हायस्कूलचा संघ सांभाळणारा प्रशिक्षक बहुतेक वेळा त्याच शाळेतला शिक्षक असतो. सकाळी तो इतिहास किंवा शारीरिक शिक्षण शिकवतो आणि दुपारी तीननंतर मैदानावर उभा राहतो. त्यामुळे या आकड्यांवर त्याचंही घर चालतं.

हंगाम संपला की कुठल्या ना कुठल्या गावातून प्रशिक्षक दुसऱ्या शाळा-जिल्ह्यात गेल्याची बातमी येते आणि गावाचा निकाल ठरलेला असतो: पैशासाठी गेला. मुलांना निष्ठा शिकवणाऱ्यानेच निष्ठा सोडली. हा आरोप फार सोपा आहे आणि अन्यायाचाही. तो तपासून पाहिला पाहिजे, कारण तो खरा मानला की गावाला आणि राज्याला पुढे काही करावंच लागत नाही.

आधी निष्ठेचं पाहू. ओक्लाहोमा राज्याने 2016 साली ज्यांना वर्षातले सर्वोत्तम शिक्षक म्हणून गौरवलं, ते शॉन शीहान 2017 मध्ये शेजारच्या टेक्सासमध्ये नोकरीला गेले. पगारात घर भागत नाही, हे कारण त्यांनी उघडपणे सांगितलं. राज्याने स्वतः निवडलेला आदर्श शिक्षक निष्ठाहीन ठरवायचा का? पुढच्याच वर्षी, 2 ते 12 एप्रिल 2018 या काळात, ओक्लाहोमातल्या हजारो शिक्षकांनी शाळा सोडून राजधानीत ठाण मांडलं. त्या आंदोलनाच्या इशाऱ्याच्या दबावाखाली, ते सुरू होण्याआधीच, राज्याने सरासरी 6,100 डॉलरांची पगारवाढ मंजूर केली होती. माणसं निघून जायला लागल्यावर जे राज्याला परवडलं, ते ती होती तेव्हा का परवडत नव्हतं, हा प्रश्न निष्ठेची भाषा बोलणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

दुसरीही एक गोष्ट आहे. आपल्या मुलांसाठी चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेणं ही अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची सर्वमान्य रीत आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी, मॉरिसविल किंवा शार्लटच्या दक्षिण भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही घर बघायला जाण्याआधी त्या पत्त्याला कोणती शाळा लागते ते पाहतात. त्यांना कोणी स्वार्थी म्हणत नाही आणि म्हणूही नये. मग स्वतःच्या लेकरांच्या कॉलेजच्या फीसाठी प्रशिक्षकाने हद्द ओलांडली तर त्याच कृतीचं नाव एकदम बदलतं कसं?

आता दुसरा आक्षेप. प्रशिक्षणाचे वेगळे पैसे तर मिळतातच, असं सांगितलं जातं. मिळतात, पण किती? व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीचं एक प्रकरण इथे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. तिथे शाळेत सुरक्षा सहायक म्हणून नोकरी करणारे एक गृहस्थ वर्षानुवर्षं शाळेच्या गोल्फ संघाला शिकवत होते. त्यासाठी वर्षाला 400 ते 450 तास जात आणि मानधन मिळे सुमारे 2,100 डॉलर. म्हणजे तासाला पाच डॉलरांच्या आसपास. देशाचं किमान वेतन आहे तासाला 7.25 डॉलर. जादा कामाचा मोबदला मागायला ते न्यायालयात गेले. 2011 साली फोर्थ सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की गोल्फ शिकवण्यापुरते हे गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने स्वयंसेवक आहेत, मिळणारी रक्कम नाममात्र आहे आणि म्हणून ओव्हरटाइमचा प्रश्न येत नाही. या न्यायालयाचे निकाल व्हर्जिनियाबरोबर दोन्ही कॅरोलायनांनाही बंधनकारक असतात.

या निकालात गावाच्या तक्रारीचं उत्तर दडलेलं आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस आपल्या मर्जीने चुलीपुढे बसतो, तसा तो मर्जीने उठूही शकतो. कायद्याने ज्याला स्वयंसेवक ठरवलं, त्याच्याकडून बांधील नोकराची निष्ठा मागता येत नाही. दोन्हींतलं एक काहीतरी धरावं लागेल.

शिवाय मोजलेले तास हे खऱ्या तासांपेक्षा नेहमी कमीच असतात. फुटबॉलचा सराव नॉर्थ कॅरोलायनात ऑगस्टच्या सुरुवातीला, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात सुरू होतो आणि संघ अंतिम फेरीपर्यंत गेला तर डिसेंबर उजाडतो. सामना फक्त शुक्रवारी असतो. बाकीच्या दिवसांत मैदानावर पांढऱ्या रेषा मारणं, घामाने भिजलेल्या जर्सी धुणं, व्यायामशाळा उघडून बसणं, प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचं चित्रीकरण पाहणं, अशी कामं चालतात. छोट्या शाळांत संघाची बसही प्रशिक्षकच चालवतो. रात्री अकराला परतल्यावर ज्या मुलाला न्यायला कोणी आलेलं नसतं, त्याला घरीही तोच सोडतो. सरावाआधी खायला घालण्यासाठीची पदरमोड हिशेबात कधी येत नाही.

यावर टेक्सासचं उदाहरण हटकून पुढे येतं. ॲलन या गावाने 2012 साली हायस्कूलसाठी 6 कोटी डॉलरांचं, 18,000 आसनांचं स्टेडियम उभारलं. त्या राज्यातल्या मोठ्या शाळांत मुख्य फुटबॉल प्रशिक्षकाला लाख डॉलरांवर पगार असतो. प्रशिक्षकांना काय कमी आहे, असं मग म्हटलं जातं. हे सगळं खरं आहे. गणिताच्या शिक्षकापेक्षा फुटबॉलच्या प्रशिक्षकाला कितीतरी अधिक मिळावं, हे कुठल्याही शाळेला शोभत नाही, हेही मान्य. पण 2023-24 साली या देशात हायस्कूलच्या खेळांतला एकूण सहभाग 80 लाखांवर गेला. त्या मुलांमुलींतले बहुतेक जण कुस्तीत, व्हॉलीबॉलमध्ये, क्रॉस कंट्रीत, लाकडी बाकांच्या मैदानांवर खेळतात आणि त्यांना शिकवणारे मानधनावर असतात. एका ॲलनकडे बोट दाखवून या साऱ्यांचा हिशेब मिटवणं हा युक्तिवाद होऊ शकत नाही.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत तोलामोलाचा आहे. तो म्हणतो, हा बाजार आहे. ज्याला अधिक दाम मिळेल तिथे माणूस जाणार. ज्या जिल्ह्याला चांगला प्रशिक्षक हवा त्याने पैसे मोजावेत. ऐकायला हे निकोप वाटतं. पण मोजायचे पैसे येतात कुठून ते पाहिलं की यातला खोटेपणा उघडा पडतो.

शाळांना लागणाऱ्या स्थानिक पैशांचा मुख्य झरा म्हणजे मालमत्ता कर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या करावर जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशावर पडत असेल. टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहरातला एक जुना खटला याची साक्ष देतो. 1967-68 साली तिथल्या गरीब, मेक्सिकन वंशाच्या वस्तीतला एजवूड हा जिल्हा दर 100 डॉलर मालमत्तेवर 1.05 डॉलर कर लावत होता, त्या महानगरातला सर्वांत चढा दर. त्यातून हाती लागत होते विद्यार्थ्यामागे 26 डॉलर. शेजारचा श्रीमंत अलामो हाइट्स जिल्हा 85 सेंट दर लावून विद्यार्थ्यामागे 333 डॉलर उभे करत होता. पत्र्याचं काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांच्यासह तिथल्या पालकांनी हा अन्याय सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 1973 साली पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताने ठरवलं.

जो अधिक दराने कर भरतो त्याच्याच हाती कमी पैसे येतात, अशा व्यवस्थेला बाजार म्हणणं हा शब्दाचा गैरवापर आहे. बाजारात निदान समान दामाला समान माल मिळतो.

नॉर्थ कॅरोलायनात शिक्षकाचा मूळ पगार राज्य देतं, त्यामुळे तिथली दरी इतकी भयाण नाही. पण त्या मूळ पगारावर बहुतेक काउंट्या आपापली पुरवणी रक्कम जोडतात आणि प्रशिक्षकाचं मानधनही स्थानिक तिजोरीतूनच जातं. वेक किंवा मेक्लेनबर्गसारखी मोठी, श्रीमंत काउंटी हजारो डॉलरांची भर घालते. शेतीवर आणि बंद पडलेल्या गिरण्यांच्या आठवणीवर जगणारी काउंटी ते करू शकत नाही. हॅलिफॅक्स, होक, रॉबसन, व्हॅन्स आणि कंबरलँड या पाच काउंट्यांनी आणि तिथल्या पालकांनी 1994 साली राज्यावर दावा लावला. 1997 च्या लीअँड्रो निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाला भक्कम मूलभूत शिक्षणाचा घटनादत्त हक्क आहे असं मान्य केलं, मात्र सर्व काउंट्यांना सारखाच पैसा मिळावा ही मागणी फेटाळली. हक्क सर्वांचा आणि पैसा ज्याचा त्याचा, अशी ती वाटणी झाली.

त्याच राज्याने आपल्या अनुभवी माणसांना जाण्याची वाट स्वतः आखून दिली आहे. 2013 साली नव्या शिक्षकांसाठी पदव्युत्तर पदवीची वेतनवाढ बंद झाली. 2014 मध्ये दीर्घ सेवेबद्दलची वेगळी रक्कम गेली. 2024-25 ची वेतनश्रेणी पाहावी: पंधरा वर्षं झालेल्या शिक्षकाला 53,880 डॉलर आणि चोवीस वर्षं झालेल्यालाही तेवढेच. साधारण सदतिसाव्या वर्षापासून सेहेचाळिसाव्यापर्यंत पायरी एकच. प्रशिक्षकाच्या आयुष्यात हीच दहा वर्षं सोन्याची असतात. तोवर त्याचा आवाज गावात ओळखीचा झालेला असतो. कुठला मुलगा चिडला की खेळतो आणि कुठला चिडला की कोसळतो, हे त्याला कळायला लागलेलं असतं. नेमक्या त्याच दशकात राज्य त्याला सांगतं, की तुझ्या अनुभवाची किंमत आता वाढणार नाही. आणि तीस वर्षं भरली की पूर्ण पेन्शन मिळते, पण ती घेत त्याच राज्यात पुन्हा शाळेची नोकरी धरायची तर मध्ये सहा महिन्यांचा खंड आणि कमाईवर मर्यादा येते. शिवेपलीकडे ही अडचण नाही. इकडची पेन्शन आणि तिकडचा पूर्ण पगार, दोन्ही हाती येतात. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाने दुसरं काय करावं अशी अपेक्षा आहे?

गेलेला माणूस सोबत काय नेतो, याचाही अंदाज गावाला असतोच. शार्लटच्या इंडिपेंडन्स हायस्कूलने 2000 ते 2007 या काळात सलग 109 फुटबॉल सामने जिंकले. त्यातल्या बहुतेक विजयांचे शिल्पकार टॉम नॉट्स 2010 साली साउथ कॅरोलायनातल्या डच फोर्क हायस्कूलला गेले आणि त्या शाळेने 2016 ते 2020 सलग पाच वर्षं राज्य विजेतेपद मिळवलं. मैदान, गणवेश आणि परंपरा शाळेकडे राहतात, पण कसब माणसाबरोबर जातं. मुख्य प्रशिक्षकामागून त्याचे दोन-तीन सहायकही निघतात आणि त्यांच्याबरोबर तीन-चार वर्गांचे शिक्षक एकाच उन्हाळ्यात कमी होतात.

विजेतेपदं गेली तरी एकवेळ चालेल. खरी चिंता ॲथलेटिक ट्रेनरची आहे. नावावरून हा व्यायाम शिकवणारा वाटतो; प्रत्यक्षात तो परवानाधारक आरोग्यसेवक असतो आणि आता या पेशात यायला पदव्युत्तर शिक्षण लागतं. उष्माघात झालेल्या मुलाला रुग्णवाहिकेत घालण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याचं तापमान उतरवायचं असतं, हे त्याला माहीत असतं आणि ते टब भरून ठेवणंही त्याचंच काम असतं. 2 जानेवारी 2023 रोजी व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यात डमार हॅमलिन या खेळाडूचं हृदय थांबलं तेव्हा छाती दाबून त्याला परत आणणारा, डेनी केलिंग्टन, संघाचा सहायक ॲथलेटिक ट्रेनरच होता. देशातल्या सुमारे एक तृतीयांश हायस्कूलना असा ट्रेनर मुळीच उपलब्ध नाही. नॉर्थ कॅरोलायनात 2008 साली दोन हायस्कूल खेळाडू डोक्याच्या दुखापतीने दगावले. त्यांच्या नावाने 2011 मध्ये गेफेलर-वॉलर कायदा झाला. डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी मुलाला त्या दिवशी खेळवायचं नाही आणि जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, असं तो सांगतो. पण शंका घ्यायला कोणीतरी डोळस माणूस मैदानाच्या कडेला हवा. राज्याचा नियम परवानाधारक ट्रेनरच्या जागी प्रथमोपचार शिकलेल्या व्यक्तीवरही भागवू देतो, आणि कोणती शाळा कशावर भागवते हे पुन्हा काउंटीच्या तिजोरीवर ठरतं.

मग करायचं काय? कराराच्या बेड्या घालून किंवा दंड लावून माणसं अडवण्याचा मार्ग चुकीचा आहे. अडकवून ठेवलेला प्रशिक्षक मुलांना काही देऊ शकत नाही. राज्याने मानधनाची किमान पातळी तासांच्या हिशेबाने ठरवावी आणि ती रक्कम मालमत्ता करावर न सोडता स्वतः द्यावी. पंधराव्या ते चोविसाव्या वर्षातली गोठलेली श्रेणी वितळवावी. प्रत्येक हायस्कूलमागे एक परवानाधारक ट्रेनर हे पद, समुपदेशकाच्या पदासारखं, राज्याच्या खर्चात धरावं. यातलं काही अघटित नाही. 2021 च्या अंदाजपत्रकात याच राज्याने कमी उत्पन्नाच्या काउंट्यांतल्या शिक्षकांच्या पुरवणी रकमेला हातभार लावला. टेक्सासने 2025 साली त्याहून धीट पाऊल टाकलं: पाच किंवा अधिक वर्षांच्या अनुभवाच्या शिक्षकाला मोठ्या जिल्ह्यात 5,000 डॉलरांची वाढ आणि 5,000 किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या छोट्या जिल्ह्यात 8,000 डॉलरांची. ज्या राज्यात एजवूड हरलं, त्याच राज्याने तराजूचं पारडं जाणूनबुजून छोट्यांच्या बाजूला झुकवलं.

वेळ मात्र थांबत नाही. कॉलेजच्या सर्वोच्च श्रेणीत शिष्यवृत्तीवर खेळायचं तर हायस्कूलमध्ये ठरावीक 16 विषय पुरे करावे लागतात आणि त्यांपैकी 10 शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी. ज्या घरात कोणी कॉलेजात गेलेलं नाही तिथे हा हिशेब बहुधा प्रशिक्षकच ठेवतो. अकरावीच्या मुलाला उन्हाळी वर्गात बसवतो, कॉलेजांना फोन करतो. तो वसंतात शिवेपलीकडे गेला आणि नवा ऑगस्टमध्ये रुजू झाला, तर मधले महिने कोणाचेच नसतात. नवा माणूस त्या मुलाचं नाव शिकेपर्यंत त्याचे दहा विषय झालेले असतात, किंवा राहून गेलेले असतात.